मामा, तू आईला सांग ना!

महिन्याभरापूर्वीची गोष्ट. शुक्रवारची रात्र, साडेदहा वाजलेले. रिलीज नुकतंच पार पडलं होतं, मी पिठलं-भात गरम करून टीव्हीसमोर बसलो होतो आणि फोन वाजला. या वेळेला मला फोन येतो तो एकतर प्रॉडक्शन कोसळल्याचा, नाहीतर घरात कुणाचं तरी दुखलंखुपल्याचा. फोन ताईचा होता (ही माझी मावसबहीण, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी), म्हणजे पोटात गोळा यायला हरकत नव्हती.

"तू तरी सांग तुझ्या भाच्याला. लिंगाण्यावर जायचं म्हणतोय."

मागून भाचेमहाशयांचा आवाज आला, "मामा, तू आईला सांग ना! प्लीज!"

झालं. एकाच फोनवर दोन अशील आणि मी एकटा वकील. बरं, दोघांनाही खात्री की मी त्यांच्याच बाजूने बोलणार. ताईला वाटतं मी इंजिनीअर झालो, नोकरीला लागलो, म्हणजे आता शहाणा झालो. भाच्याला वाटतं मामा स्वतः ट्रेकिंग करतो, म्हणजे आपल्या पार्टीतला. मी "उद्या बोलतो" असं सांगून फोन ठेवला आणि गार झालेलं पिठलं पुन्हा गरम केलं.

ज्यांना लिंगाणा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रायगड आणि तोरणा यांच्या मधे हा सुळका उभा आहे. मोहरी गावातून रायलिंगच्या पठारावर गेलं की तो एकदम समोर येतो आणि पहिल्यांदा बघणारा माणूस दोन मिनिटं गप्प बसतो. चढायचा तर बोराट्याच्या नाळेने उतरून खिंडीत यायचं आणि तिथून दोर, हार्नेस, हेल्मेट, सगळा सरंजाम. रमतगमत, वेफर्स खात चढायचा हा किल्ला नव्हे. आणि आमचे चिरंजीव अकरावीत. वय वर्षं सोळा.

आता आपल्याकडे सोळा या आकड्याची एक गंमत आहे. "शिवाजी महाराजांनी सोळाव्या वर्षी तोरणा घेतला" हे वाक्य प्रत्येक मराठी मुलाने शाळेत ऐकलेलं असतं आणि ते आईबाबांवर उलटवायची आयडिया प्रत्येकाला निदान एकदा सुचलेली असते. त्याच घरात मोठी माणसं "शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात" हेही हसत हसत म्हणतात. भाच्याने अर्थातच तोरण्याचा मुद्दा टाकला होता. ताई म्हणाली, "महाराजांना बारावीची सीईटी नव्हती." ताईला वादात हरवणं सोपं नाही.

शनिवारी सकाळी चहा घेऊन बसलो आणि विचार करायला लागलो. विचार करायला लागल्यावर आमच्या धंद्यातला माणूस काय करतो? आधी हे कुणी केलंय का ते शोधतो. आणि मला एकदम आठवलं, की मी स्वतः बारा-तेरा वर्षांचा होतो तेव्हा जगात अशा पोरांची जणू साथच आली होती.

ऑस्ट्रेलियाची जेसिका वॉटसन १८ ऑक्टोबर २००९ला, वयाच्या सोळाव्या वर्षी, सिडनीहून एकटी शिडाच्या बोटीत निघाली आणि २१० दिवसांनी, १५ मे २०१०ला परत आली. सतरावा वाढदिवस तीन दिवसांवर होता. त्याच सुमारास, जानेवारी २०१०मधे, अमेरिकेची अ‍ॅबी संडरलंड निघाली, तीही सोळाचीच. २२ मे २०१०ला तेरा वर्षांचा जॉर्डन रोमेरो एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचला. आणि हॉलंडमधे लॉरा डेकर नावाची मुलगी तेराव्या वर्षीच म्हणत होती की मलाही एकटीने जगाला फेरी मारायची आहे. त्या काळात माझं सर्वात मोठं साहस म्हणजे सायकलवरून एकट्याने कर्वे रोड ओलांडणं, आणि त्यालाही परवानगी नव्हती.

लहानपणी मी या बातम्या मत्सराने वाचल्या होत्या. आता अठ्ठाविसाव्या वर्षी पुन्हा वाचल्या तेव्हा लक्ष मुलांकडे कमी आणि त्यांच्या आईबापांकडे जास्त गेलं. वय झालं म्हणायचं.

सगळ्यात मजेदार केस लॉराची. बाप तयार, आई सुरुवातीला विरोधात आणि मधे सरकार. ऑगस्ट २००९मधे डच कोर्टाने तिला बालसंरक्षण खात्याच्या देखरेखीखाली ठेवलं. म्हणजे बापाने "जा" म्हटलं तरी कोर्टाने "थांब" म्हटलं. त्यावर गदारोळ झाला, जगभर चर्चा झाल्या, मधेच ही बाई घरातून पळून थेट कॅरिबियनमधल्या सिंट मार्टेन बेटावर सापडली (चौदा वर्षांची असताना!). शेवटी जुलै २०१०मधे कोर्टाने देखरेख उठवली. मधल्या वर्षभरात तिच्याकडे आधीपेक्षा मोठी आणि भक्कम बोट आली होती, प्रथमोपचार, एकटीने झोपेचं गणित सांभाळणं अशा गोष्टींची तयारी झाली होती. ऑगस्टमधे जिब्राल्टरहून निघाली आणि बंदरं घेत घेत २१ जानेवारी २०१२ला फेरी पूर्ण केली. वय सोळा.

हे वाचून माझी पहिली प्रतिक्रिया "बघा, सरकार कसं नाक खुपसतं" अशी होती. पण नीट बघितलं तर कोर्टाने नकळत क्यूएचं काम केलं. त्यांनी फीचर रद्द केलं नाही, टेस्टिंग पूर्ण होईपर्यंत रिलीज अडवलं. डेव्हलपर म्हणून मला क्यूएचा राग येतो. पण रात्री तीन वाजता फोन वाजत नाही तोही त्यांच्यामुळेच, हे मान्य करायला हवं.

जेसिकाची गोष्ट याच्या उलट बाजूने शिकवते. सिडनीहून निघण्याआधी, सप्टेंबर २००९मधे, तिची बोट क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळ एका प्रचंड मालवाहू जहाजावर आदळली. डोलकाठी मोडली. विचार करा, तुमची पोर जगप्रदक्षिणेला निघणार आहे आणि सरावाच्या पहिल्याच रात्री जहाजाला धडकते. देशभर ओरड झाली, की या आईबापांना तुरुंगात टाका. अपघाताच्या सरकारी चौकशीत दोन्हीकडच्या चुका निघाल्या, टेहळणीत दोघंही कमी पडले होते. पण बोट दुरुस्त झाली, आणि पोरगी महिनाभराने निघाली. तिच्या आईबापांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? खरं सांगतो, बोट विकली असती.

आणि अ‍ॅबी. ही कहाणी बिनसली. उपकरणं वारंवार बिघडली, मेक्सिकोत थांबावं लागलं, मग केप टाउनमधे थांबावं लागलं. विनाथांबा विक्रम तर तिथेच संपला. पण मे महिना संपत आला असताना ती केप टाउनहून पुढे निघाली, म्हणजे दक्षिण हिंदी महासागरातल्या ऐन हिवाळ्यात. १० जून २०१०ला लाटेने बोट उलटीपालटी केली, डोलकाठी गेली. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून सुमारे दोन हजार मैल दूर. विमान पाठवून तिला शोधलं आणि दोन दिवसांनी एका फ्रेंच मासेमारी बोटीने तिला उचललं. वाचली. तिच्या थोरल्या भावाने आदल्याच वर्षी सतराव्या वर्षी प्रदक्षिणा पूर्ण केली होती, आणि घरच्यांची टीव्ही मालिकेसाठी बोलणी झाली होती हेही नंतर बाहेर आलं. मग काय, लोकांना आयतंच कोलीत मिळालं.

आता इथे "बघा, म्हणून लहान मुलांना पाठवू नये" असं म्हणून मोकळं होता येतं. पण मग आपलाच अभिलाष टॉमी आठवतो. भारतीय नौदलाचा कमांडर, २०१२-१३मधे मुंबईहून निघून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केलेला पहिला भारतीय. तोच टॉमी सप्टेंबर २०१८मधे गोल्डन ग्लोब शर्यतीत असताना त्याच दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडला, डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला, हलताही येईना. त्यालाही शेवटी एका फ्रेंच जहाजानेच सोडवलं. वय एकोणचाळीस, अनुभव डोंगराएवढा. समुद्र जन्मदाखला बघत नाही. (हाच माणूस मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा त्याच शर्यतीत उतरला आणि २०२३मधे दुसरा आला. त्याच्या घरच्यांना काय वाटलं असेल हा वेगळा लेख होईल.)

आणखी एक योगायोग सांगायचा मोह आवरत नाही. जेसिका सिडनीला परतली त्यानंतर चारच दिवसांनी, १९ मे २०१०ला, आपले कमांडर दिलीप दोंदे मुंबईला परतले. एकट्याने जगाला फेरी मारणारे पहिले भारतीय, गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' बोटीतून, चार बंदरं घेत. ते तेव्हा चाळिशी ओलांडलेले, ती सोळाची. दोघांनी एकाच मोसमात केप हॉर्नला वळसा घातला.

मग फरक कशाने पडतो? याचं उत्तर मला एका फार दुःखद गोष्टीत मिळालं. एप्रिल १९९६मधे अमेरिकेत जेसिका डब्रॉफ नावाची सात वर्षांची मुलगी विमान चालवत देश ओलांडायला निघाली होती. सोबत वडील आणि प्रशिक्षक. दुसऱ्या दिवशी सकाळी वायोमिंगमधल्या शायेन गावी हवा बिघडत होती, विमानात वजन मर्यादेपेक्षा जास्त होतं, तरी उड्डाण केलं. काही क्षणांतच विमान कोसळलं, तिघंही गेले. चौकशी अहवालात जे कारण दिलंय ते वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो. बिघडत्या हवेत उडण्याचा प्रशिक्षकाचा निर्णय, आणि त्यामागे अतिमहत्त्वाकांक्षी वेळापत्रक पाळायची धडपड, जी काही अंशी माध्यमांना दिलेल्या शब्दांमुळे होती.

म्हणजे डेडलाइन! पुढच्या मुक्कामी कॅमेरे थांबलेत, म्हणून आज निघायचंच. आम्ही आयटीवाले हे वाक्य रोज ऐकतो. "क्लायंटला तारीख दिलीये." त्यात आमचं फार तर सर्व्हर पडतं.

इथे सात वर्षांच्या मुलीचा संबंधच नव्हता. निर्णय मोठ्यांचा होता, घाई मोठ्यांची होती, वेळापत्रक मोठ्यांनी केलं होतं. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून असे विक्रम करायला लहान मुलांना विमान चालवू देणं बंद केलं. "सर्वात लहान" या पदवीसाठी लागलेली शर्यत बघून पुढे गिनेसनेही सर्वात लहान वयाच्या जगप्रदक्षिणेचा विक्रम नोंदवणं थांबवलं. जेसिका, अ‍ॅबी, लॉरा निघाल्या तेव्हा तसा अधिकृत विक्रम मिळणारच नव्हता. मला तर वाटतं हा निर्णय सगळ्या कोर्टांपेक्षा शहाणपणाचा आहे. कारण "सर्वात लहान" हा विक्रम असा आहे की त्यात प्रत्येक दिवस वाट बघणं म्हणजे हरणं. एव्हरेस्ट कुठे पळून जात नाही, पण तेरावं वर्ष जातं.

एवढा अभ्यास करून मी ताईला फोन लावला आणि माझा सिद्धांत ऐकवला, की प्रश्न वयाचा नाहीच, स्वप्न कुणाचं आणि घाई कुणाची एवढंच बघायचं. ताईने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बोटीतली पोरं परत आली म्हणून तू त्यांच्या गोष्टी सांगतोयस. जी परत येत नाहीत त्यांची पुस्तकं निघत नाहीत."

बोलती बंद. मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. आणि तिचा दुसरा मुद्दा, "या वयात डोकं ठिकाणावर नसतं", तोही नुसता आईपणाचा नाही. मेंदूचा जो भाग परिणामांचा विचार करतो, आवेग आवरतो, तो विशीच्या मध्यापर्यंत पिकत असतो. २००५मधे गार्डनर आणि स्टाइनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ, सिग्नल पिवळा झाला की थांबायचं का पुढे जायचं ते ठरवायचं. कधी एकट्याने, कधी मित्र बघत असताना. मित्र बघत असले की पोरांनी एकट्यापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करला. प्रौढांच्या बाबतीत तो फरक दिसला नाही.

हे वाचलं आणि मी लॅपटॉप बंद केला. कारण हा प्रयोग मी स्वतः करून बघितलाय. कॉम्प्युटरवर नाही, ताम्हिणीच्या बाजूच्या एका ओढ्यात.

ही गोष्ट मी आजवर लिहिलेली नाही. २०१३चा जुलै, मी अकरावीत. कॉलेजच्या एका सीनियरच्या ग्रुपबरोबर पावसाळी ट्रेकला जायचं होतं. ग्रुप जुना, म्होरके चाळिशीचे, दोर-शिट्ट्या-प्रथमोपचार सगळं असायचं. मी रीतसर बाबांना विचारलं. बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "पावसाळ्यात नाही." का नाही, तर नाही. आमच्या घरी 'नाही'ला पुरवणी जोडायची पद्धत नव्हती.

मग मी काय केलं? जे सगळे करतात ते. पुढच्या रविवारी "मित्राकडे अभ्यासाला जातो" सांगितलं आणि आम्ही पाचजण दोन स्कूटर आणि एका बाइकवर निघालो. लायसन्स एकाकडेही नव्हतं. दोर नव्हता. कुठे जाणार हे आम्हालाच धड माहीत नव्हतं, तर घरी कुठून सांगणार? एका ठिकाणी रस्ता सोडून ओढ्याच्या कडेने वर धबधब्यापर्यंत गेलो. जाताना पाणी घोट्याएवढं होतं. मजा केली, फोटो काढले, वर पाऊस वाढलेला कळलाच नाही. परतताना तेच पाणी मांडीला लागलं. मला आठवतंय, काठावर उभं असताना पाचही जणांच्या मनात "थांबू या" असणार, माझ्या तर नक्की होतं. पण कुणीच बोललं नाही. एकजण म्हणाला, "चल बे, एवढं काय," आणि उतरला. त्याच्यामागे दुसरा. तो दुसरा मधेच घसरला.

दहा-बारा फूट वाहत जाऊन तो एका खडकाला अडकला म्हणून आज आहे. पाय गुडघ्याखाली मोडला होता. तो एका काठाला, आम्ही तिघं दुसऱ्या, पलीकडे पोचलेला एकजण रडतोय. फोनला रेंज नाही. असलीच तरी लावणार कुणाला, आणि सांगणार काय? संध्याकाळी सहाच्या सुमारास एक धनगरकाका म्हशी घेऊन जाताना दिसले. त्यांनी आधी आम्हाला आईमाईवरून मनसोक्त शिव्या घातल्या, मग वाडीतून आणखी दोघं आणि दोर घेऊन आले. घोंगडीची झोळी करून मित्राला रस्त्यापर्यंत आणलं. पैसे देऊ केले तर अजून शिव्या बसल्या.

रात्री अकराला हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बाबा आले. मला वाटलं आता कानाखाली बसणार. नाही बसली. ते बाकावर शेजारी बसले, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सांगून गेला असतास तर?"

मी म्हणालो, "विचारलं होतं की बाबा."

पुढे आम्ही दोघांनीही त्या विषयावर कधी बोलणं केलं नाही. पण दिवाळीनंतर एक दिवस बाबा म्हणाले, "त्या तुझ्या ग्रुपच्या म्होरक्याचा नंबर दे." फोनवर अर्धा तास बोलले. आणि पुढच्या ट्रेकला मी रीतसर गेलो. परवानगी मिळाली, डबा मिळाला, बाबांनी स्वतःच्या हाताने टॉर्चमधे नवे सेल घातले.

बाबा चुकले होते असं मी तेव्हा मानत होतो. आता वाटतं, त्यांची भीती बरोबर होती, फक्त चुकीच्या रविवारी वापरली गेली. त्यांनी चाळिशीच्या माणसांबरोबरचा, दोर असलेला धोका नाकारला, आणि मी त्या बदल्यात बिनदोराचा, बिनपत्त्याचा धोका उचलला. 'नाही' म्हटल्याने धोका शून्य झाला नाही, नुसता त्यांच्या नजरेआड गेला. सोळा वर्षांच्या मुलाच्या अंगातली खुमखुमी आहे तेवढीच राहते, वाट कुठली मिळते एवढाच प्रश्न.

आणि आपली धोक्याची समजही गमतीशीर आहे. भाच्याच्या सोसायटीतली निम्मी पोरं क्लासला अ‍ॅक्टिव्हावरून जातात, सोळाव्या वर्षी, डबलसीट, हेल्मेट डिकीत. २०१९च्या दुरुस्तीनंतर कायद्याने यासाठी बापाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. पण किल्ली देताना कुणाच्या पोटात गोळा येत नाही, कारण ती सवयीची आहे. लिंगाणा सवयीचा नाही.

तेलंगणाच्या मलावत पूर्णाने २५ मे २०१४ला एव्हरेस्ट सर केलं, तेव्हा तिचं वय चौदाला महिनाभर कमी होतं. शेतमजुराची मुलगी, सरकारी निवासी शाळेत शिकणारी. आधी भोंगीरच्या खडकावर शिक्षण, मग दार्जिलिंग, मग लडाखची थंडी, तेव्हा कुठे एव्हरेस्ट. नेपाळमधे सोळाच्या आत परवानगी नाही म्हणून तिबेटच्या बाजूने. चौदाच्या आत तिथे न्यावं की नाही यावर माझं मन अजून डळमळतं. पण पायऱ्या गाळल्या नव्हत्या, हे दिसतं.

तर रविवारी मी ताईकडे गेलो. भाच्याला समोर बसवलं आणि एकच प्रश्न विचारला, "वर पोचायच्या आधी लीडर म्हणाला, उतरा, तर?"

तो म्हणाला, "उतरणार."

"मित्र पुढे गेले असले तरी?"

तो थोडा थांबला. मला तो थांबणं फार आवडलं. झटकन "हो" म्हणाला असता तर मी ताईच्या बाजूला गेलो असतो. म्हणाला, "आवडणार नाही. पण उतरेन."

मग आम्ही अटी लिहून काढल्या. आधी दोन सोपी चढाईची शिबिरं पूर्ण करायची. मित्रांचं टोळकं नाही, ज्यांनी हा सुळका आधी अनेकदा केलाय त्यांच्याबरोबरच जायचं. सोबत किती शिकवणारे, साहित्य कुणी तपासलं, जवळचा दवाखाना कुठे, हे लीडरला ताईने स्वतः फोन करून विचारायचं, आणि त्याने नीट उत्तरं दिली नाहीत तर विषय संपला. आणि शेवटची अट माझी. यासाठी कुठलीही तारीख ठरवायची नाही. वाढदिवस नाही, सव्वीस जानेवारी नाही, "अमक्याच्या आधी मी" तर नाहीच. या मोसमात जमलं तर जमलं, नाहीतर लिंगाणा पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे.

ताईने कागद वाचला. मी जरा विजयी मुद्रेने म्हणालो, "ताई, आता धोका अगदी एक-दोन टक्क्यांवर आला बघ."

ती म्हणाली, "टक्केवारी तुझ्या एक्सेलमधे ठेव. मला एकच आहे."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. हे सगळे युक्तिवाद, कोर्ट, अहवाल, प्रयोग ठीक आहेत. पण सरासरी ही हजार मुलांची असते आणि आईला हजार मुलं नसतात. "मुलांना साहस करू द्यावं" हे मामाने म्हणणं स्वस्त आहे. जिला रात्रभर जागायचंय तिने म्हणणं महाग आहे. त्यामुळे तिने हो म्हटलं ते माझ्यामुळे, असं मी मानत नाही. लीडरशी ती पन्नास मिनिटं बोलली. मग दोन दिवस काहीच बोलली नाही. मग एका सकाळी भाच्याच्या टेबलावर तिने आणलेला नवा हेडटॉर्च होता.

दोन्ही शिबिरं झाली. काल रात्री ते लोक मोहरीला मुक्कामाला गेले. आज रविवार, पहाटे नाळ उतरून चढाई. हे मी लिहितोय तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजलेत, चौथा चहा झालाय, आणि तिथे रेंज नसते हे पक्कं माहीत असूनही मी दर पाच मिनिटांनी फोन बघतोय. रेंज आली की एका शब्दाचा मेसेज करायचा असं ठरलंय: "उतरलो".

त्या जुलैमधे बाबा रात्री नऊपासून माझ्या मित्रांच्या घरी एकेक फोन लावत होते, हे मला आईने पुष्कळ वर्षांनी सांगितलं. तेव्हा मी ते नुसतं ऐकलं होतं. आज कळतंय. आणि मला निदान मुलगा कुठे आहे, कुणाबरोबर आहे, दोर कुणाच्या हातात आहे, हे तरी माहीत आहे. बाबांना तेवढंही नव्हतं.

असो. पाचवा चहा टाकतो.

ता. क. : दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी मेसेज आला. "उतरलो. माथा नाही झाला. वारा खूप होता, लीडरने शेवटच्या टप्प्याआधी सगळ्यांना परत फिरवलं. दोनजण भांडले. मी नाही." मी ताईला फोन केला तर तिचा एंगेज. मग बाबांना लावला. म्हटलं, "काही नाही, सहजच." ते म्हणाले, "पोरगा आला ना खाली?" त्यांनाही कुणीतरी सांगून ठेवलं होतं तर.